ओरॅकलचं सर्टिफिकेट आणि फुटलेला पेपर

पदवीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय निघतो. पोराचं किंवा पोरीचं पुढं काय? मग पुण्याला राहणारा कुणी पाव्हणा सुचवतो, ‘‘डेटाबेसचा कोर्स करू द्या, ओरॅकलचं सर्टिफिकेट काढलं की काम होतंय.’’ सूचना वाईट नाही. पण तिच्यामागं खर्च केवढा येतो, ते तुम्ही जाणता. क्लासची फी, कॉट बेसिसचं भाडं, मेसचा डबा आणि शेवटी परीक्षेची वेगळी फी, तीही हजारांत. कांद्याची पट्टी आली की त्यातून, नाहीतर सोनं गहाण ठेवून हे पैसे उभे राहतात. हे पैसे नेमके कशावर जातात, ते घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यावं, म्हणून आज या पानावर पीकपाण्याऐवजी हा विषय.

डेटाबेस म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. तलाठ्याचं दप्तर तुम्ही पाहिलंय. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, दप्तर तेच.) गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची ते, १२ मध्ये पीक कोणतं ते, ६ मध्ये फेरफार आणि ८-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन. सातबारा गटावरून शोधायचा, आठ-अ खात्यावरून. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत की काय होतं, ते वारसनोंदीसाठी तहसीलला खेटे घातलेल्या माणसाला विचारा. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या संशोधकानं हेच शास्त्रशुद्ध मांडलं. माहिती कितीही मोठी असो, ती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते सामायिक रकान्यांवरून एकमेकांना जोडा. १९७४ साली त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच पुढं एसक्यूएल म्हणून रूढ झाली. १९७९ साली ओरॅकलनं या भाषेवर चालणारा डेटाबेस विकायला काढला.

आज तुमचं बँकेतलं खातं आणि घरातलं वीजबिल असल्याच तक्त्यांत असतं. ते तक्ते सांभाळणारा माणूस कामाचा आहे की नाही, हे तपासायला या परीक्षा आहेत. सुरुवात करणाऱ्याला ओरॅकलची एसक्यूएलची परीक्षा असते, तिचा क्रमांक १झेड०-०७१. त्याच्या वरच्या पायरीला डेटाबेस सांभाळण्याची, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनची. मायक्रोसॉफ्टच्याही आहेत. नावं वेगळी, पण पुढं सांगतोय ते सगळ्यांना लागू.

अपेक्षित वेगळं, पेपरफुटी वेगळी

दहावीला आपण पोरांना ‘२१ अपेक्षित’ आणून दिलं. त्यात गैर काही नव्हतं. जाणत्या शिक्षकांनी बांधलेला तो अंदाज असतो, प्रश्न त्यांचे स्वतःचे. या संगणकाच्या परीक्षांना मात्र ‘डंप’ नावाचा प्रकार चालतो. कुणीतरी परीक्षेला बसतो, स्क्रीनवरचे प्रश्न लक्षात ठेवतो किंवा चोरून टिपतो आणि बाहेर येऊन विकतो. परीक्षा सुरू होण्याआधी प्रत्येक उमेदवार ‘मी यातले प्रश्न बाहेर सांगणार नाही’ असा करार मान्य करतो. म्हणजे डंप हा मोडलेल्या शब्दाचा माल आहे. त्याला अपेक्षित म्हणू नका, तो फुटलेला पेपर आहे.

२०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, तेव्हा अभ्यासिकांत रात्र-रात्र बसणारी पोरं किती चिडली होती, आठवतंय ना? बरोबरच होतं त्यांचं. पण त्यांच्यातलाच एखादा आज मोबाइलवर डंपची फाइल घेतो आणि त्याला त्यात वावगं वाटत नाही. का, तर ‘सगळेच घेतात’. काही क्लासवाले तर डंपला ‘मटेरियल’ म्हणतात आणि फीमध्येच धरतात.

ओळखायचं कसं? क्लासमध्ये नाव घालण्याआधी सरळ विचारा, ‘‘सर, हे सरावाचे प्रश्न कुणी तयार केले?’’ कंपनीनं स्वतः काढलेले सराव पेपर असतात, पुस्तकांच्या लेखकांनी विषय धरून रचलेले असतात, क्लासच्या शिक्षकानं बसून काढलेले असतात. ते चांगलेच. प्रत्येक उत्तराला ‘का’ दिलेलं असतं. पण ‘‘परीक्षेत अगदी हेच येतात, शंभर टक्के पास’’ असं उत्तर आलं की चप्पल पायात घाला आणि निघा.

पकडलं गेलं तर कंपनी निकाल रद्द करते, दिलेलं सर्टिफिकेट काढून घेते, पुढं परीक्षेला बसायची बंदीही घालू शकते. शिवाय डंपमधली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, कारण ती बरोबर द्यायची जबाबदारी कुणावरच नसते. खरं नुकसान मात्र पास झाल्यावर सुरू होतं.

एकशेसात की एकशेसहा?

समजा, तुमची पुतणी सर्टिफिकेट घेऊन मुलाखतीला गेली. ओरॅकल सरावासाठी ‘एचआर’ नावाचे तक्ते देतं. त्यात कर्मचाऱ्यांचा एक तक्ता आहे, नोंदी १०७. दुसरा खात्यांचा. समोरच्यानं विचारलं, ‘‘हे दोन तक्ते खात्याच्या क्रमांकावर जोडले, तर ओळी किती येतील?’’ पाठांतर करणारी म्हणेल १०७. येतात १०६. एका कर्मचाऱ्याच्या नोंदीत खात्याचा रकानाच रिकामा आहे. रिकामा रकाना कशाशीच जुळत नाही, म्हणून तो माणूस यादीतून गळतो, आणि संगणक चूक झाल्याचं सांगतही नाही. त्याला धरून ठेवायचं तर आउटर जॉइन लावावा लागतो. जिनं हे तक्ते एकदा स्वतः जोडून पाहिलेत, ती हे झोपेतही सांगेल. आता कर्मचाऱ्यांच्या जागी पीकविम्याचे लाभार्थी धरा. गळालेला तो एक माणूस आपल्याच आळीतला असू शकतो.

(जाता जाता एक गंमत. एचआरच्या आधी ओरॅकलच्या सरावाच्या खात्याचं नाव ‘स्कॉट’ आणि पासवर्ड ‘टायगर’ असायचा. स्कॉट हे कंपनीतल्या एका जुन्या कर्मचाऱ्याचं आडनाव, आणि टायगर त्याच्या घरची मांजर. जगभरच्या पोरांनी त्या मांजरीच्या नावावर एसक्यूएल गिरवलं.)

रिकाम्या रकान्याला या भाषेत ‘नल’ म्हणतात आणि परीक्षेत निम्मी माणसं तिथंच घसरतात, असं माझं मत आहे. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. दूध डेअरीवरच बघा. सभासदाच्या तीन वेळच्या दुधाची फॅट घेतली. एकदा ४.०, एकदा ४.२, तिसऱ्या वेळी मशीन बंद. रकाना रिकामा ठेवला तर संगणक दोघांचीच सरासरी काढतो, ४.१. त्याच जागी कुणी शून्य भरलं तर सरासरी येते २.७३. बिलात किती फरक पडेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

अभ्यास गावात बसूनही होतो

चांगली गोष्ट अशी की यासाठी लागणारं साहित्य फुकट आहे. ओरॅकलची मोफत आवृत्ती उतरवून घेता येते. तिच्यात १२ जीबीपर्यंत माहिती मावते, शिकायला ती भरपूर झाली. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस तर पूर्ण मोफत आहे आणि मोठमोठ्या कंपन्या तो वापरतात. ओरॅकलची माहितीपुस्तकंही संकेतस्थळावर उघडी आहेत. इंग्रजी आहेत, हे खरं. पहिले पंधरा दिवस एक पान वाचायला तास लागेल. लागू द्या. शब्द इंग्रजीच ठेवा, पण वहीत अर्थ मराठीतून लिहा. ज्याला मराठीत समजावून सांगता येत नाही, ते समजलेलं नाही असं धरून चाला.

परीक्षेत कोणते विषय येतात याची यादी कंपनी स्वतःच जाहीर करते. ती छापून भिंतीला लावा. मग गावातली डेअरी तक्त्यांत उतरवा. एक तक्ता सभासदांचा, एक रोजच्या संकलनाचा, एक दराचा. नावं खोटी घाला, लोकांचे खरे हिशेब सरावाला घेऊ नयेत. आणि विचारत सुटा. दहा दिवसांचं प्रत्येकाचं बिल किती? संध्याकाळी दूधच न घालणारे सभासद कोण? गेल्या महिन्यापेक्षा कुणाचं दूध घटलं? अशा पन्नास प्रश्नांनंतर पुस्तकातले प्रश्न ओळखीचे वाटू लागतात.

एकाच वेळी दोन खिडक्या उघडून बसा. एकीत दर बदला, पण कमिट करू नका. दुसरीत बघा, जुनाच दर दिसतो. मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याशिवाय फेरफाराचा अंमल सातबाऱ्यावर येत नाही, तसंच हे. आता दुसऱ्या खिडकीतून तीच ओळ बदलायला जा. ती तटून बसते, पहिलीनं कमिट किंवा रोलबॅक करेपर्यंत हलत नाही. डिलीट करून रोलबॅक करा, ओळी परत येतात. ओरॅकलमध्ये ट्रंकेट करून रोलबॅक करा, येत नाहीत. स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा हात पोळला की पुस्तकातलं वाक्य जन्मभर विसरत नाही.

सरावाचा प्रश्न चुकला तर बरोबर पर्याय घोकू नका. बाकीचे पर्याय का चूक, ते वहीत लिहा आणि प्रत्येक पर्याय चालवून बघा. तोच पेपर तिसऱ्यांदा सोडवून नव्वद टक्के मिळाले, तर ते गुण स्मरणशक्तीचे. नव्या, न पाहिलेल्या प्रश्नांवर सलग बरे गुण पडायला लागले की मगच फी भरा. घाई केली आणि नापास झालं तर फी पुन्हा नव्यानं भरावी लागते.

ॲडमिनिस्ट्रेशनच्या परीक्षेला बसणाऱ्यानं तर एक काम केल्याशिवाय फॉर्मच भरू नये. बॅकअप घ्यायचा, मग सरावाच्या डेटाबेसची फाइल मुद्दाम उडवायची आणि बॅकअपवरून सगळं परत उभं करायचं. हे का, तर ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट ऐका. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांची कामं साठवणारी कंपनी. तिथं एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत एक बिघाड काढत होता. दुय्यम मशीनवर द्यायची पुसण्याची आज्ञा त्यानं मुख्य मशीनवर दिली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार उरले. बॅकअप आहेत म्हणून शोधायला गेले, तर नेहमीचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यानं होतच नव्हता आणि तसं सांगणाऱ्या ईमेलही अडवल्या जात होत्या. त्याच इंजिनिअरनं सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर कंपनी वाचली. मधल्या सहा तासांतलं काम मात्र गेलं ते गेलंच. या कंपनीनं काहीही न लपवता सगळी हकीकत जाहीर केली, हे तिचं मोठेपण.

त्या रात्री तिथं चांगली शिकलेली माणसं होती, तरी हे घडलं. तिथं डंपवर पास झालेला माणूस एकटा असता तर? बॅकअपवरच्या प्रश्नाचं उत्तर ‘क’ आहे एवढंच त्याला ठाऊक.

सर्टिफिकेट म्हणजे नोकरीचं पत्र नव्हे, हेही सांगून ठेवतो. ते मुलाखतीच्या दारापर्यंत नेतं. कंपन्या ते ऑनलाइन पडताळतात आणि पुढं हातातलं काम बघतात. डेअरीचे ते तक्ते, त्यावर लिहिलेले पन्नास प्रश्न आणि बॅकअप परत उभा केल्याची टिपणं बरोबर नेली, तर बोलायला चार गोष्टी असतात.

परीक्षेच्या दिवसाचं थोडं. फॉर्मवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडं एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, तिसऱ्यावर स्पेलिंग निराळं. हे महिनाभर आधी बघा. घरून परीक्षा द्यायची असेल तर खोलीत एकट्यानंच बसायचं, टेबल मोकळं, कॅमेरा चालू. मध्येच आजी चहा घेऊन आली तरी परीक्षा बंद पडू शकते, तेव्हा घरच्यांना आदल्या दिवशी समजावून ठेवा आणि दाराला आतून कडी घाला. वायरमनला त्या दिवशीचं भारनियमन विचारा. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वायफायच्या डब्याला नसते. त्याला इन्व्हर्टरची जोड द्या. तेवढी सोय नसेल आणि त्या परीक्षेला केंद्राचा पर्याय असेल, तर सरळ शहरातलं केंद्र निवडा आणि मुक्कामी गाडीनं आदल्या रात्रीच जाऊन राहा.