टेबलाखाली उलटा टांगलेला राउटर

जालना म्हटलं की सळईचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या डोळ्यांसमोर येतात. तिथल्या सुतारकामाकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं आली तसं बाभळीची तिफण आणि वखर घडवण्याचं काम आटलं. दारं, कपाटं, देवघरं वाढली. वाकस आणि पटाशीच्या शेजारी लाकडाला कडा आणि खाचा पाडणारं विजेचं मशीन, राउटर, येऊन बसला.

दाराच्या रुंद फळीला कड पाडायची तर राउटर हातात धरून भागतं. पण देवघराच्या महिरपीची दोन बोटं रुंद पट्टी असेल, तर मशीनला बूड टेकवायला जागाच उरत नाही. अशा वेळी मिस्त्री मशीन टेबलाखाली उलटं टांगतो आणि लाकूडच बिटावरून, म्हणजे फिरणाऱ्या पात्यावरून, सरकवतो. तयार टेबल महाग पडतं. म्हणून अँगलचा सांगाडा गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायचा आणि 18 मिमीच्या दोन प्लाय एकमेकींना चिकटवून वर बसवायच्या.

एवढ्या जाड पाटाला मशीन थेट जोडलं तर बिट वर यायला अंतरच पुरत नाही. म्हणून मधे चौकोनी खिडकी कापून तिच्यात 6 ते 10 मिमी जाडीची हायलम किंवा ॲल्युमिनियमची प्लेट पाटाशी सपाट बसवतात. राउटरच्या बुडाची प्लॅस्टिकची चकती काढून तीच भोकांचा साचा म्हणून वापरायची. मूळ स्क्रू आखूड पडतात. त्याच आट्यांचे लांब स्क्रू लागतात आणि त्यांची डोकी प्लेटमध्ये पूर्ण बुडवावी लागतात. पोलादी पट्टी प्लेटवरून पाटावर सरकवली की कुठं अडखळते ते लगेच कळतं.

खरी कटकट पुढं आहे. 1949 च्या सुमारास जर्मनीच्या एलू कंपनीनं प्लंज राउटर आणला, तो वरून खाली दाबण्यासाठी. दाब सोडला की स्प्रिंगा मोटर वर उचलतात. मशीन उलटं केलं की त्याच स्प्रिंगा मोटर खाली ढकलतात, वर तिचं स्वतःचं वजन. बिट एक मिलिमीटर वर घ्यायचं तर या दोहोंशी झुंजावं लागतं. उत्पादकानं सोय दिली असेल तर मिस्त्री स्प्रिंगा काढतो आणि खालून आट्यांचा दांडा लावतो. 10 मिमीच्या साध्या दांड्याचा पेच 1.5 मिमी असतो. एका फेऱ्याला बिट दीड मिलिमीटर चढतं. कुणी मोटारगाडीचा जुना जॅकच खाली ठेवतं.

लाकूड टेकवून सरकवायला बिटामागं लावलेली आडपट्टी टेबलाच्या कडेला समांतर असायलाच हवी असं नाही, कारण बिट गोल आहे. पट्टीचं एक टोक बोल्टनं पक्कं केलं आणि बिट तिच्या बरोबर मध्यावर असेल, तर दुसरं टोक 2 मिमी सरकवल्यावर बिटापाशी जवळपास 1 मिमीचाच फरक पडतो. बारीक माप मिळवायची ही स्वस्त युक्ती.

दिशाही बदलते. आपल्या बाजूच्या कडेवर हातातला राउटर डावीकडून उजवीकडं चालवतात. टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडं सरकवायचं. उलट्या मशीनचं बिट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतं, आणि लाकूड नेहमी त्याच्या फिरण्याच्या विरोधात जायला हवं. आडपट्टी आणि बिट यांच्या मधून तर लाकूड कधीच घालू नये. बिट ते हिसकावून भिरकावतं. 50 मिमी व्यासाचं बिट मिनिटाला 22,000 फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. म्हणून मोठ्या बिटाला वेग कमी ठेवतात आणि खोल कड दोन-तीन हातांत काढतात.

स्वस्तात करायचं म्हणून दोन गोष्टी मात्र वगळू नयेत: टेबलाच्या पुढच्या बाजूला हाताशी येणारं वेगळं स्विच आणि बोटांऐवजी लाकूड ढकलायला एक ठोकळा. बिट बदलण्याआधी नुसतं स्विच बंद करून चालत नाही. प्लग सॉकेटातून बाहेर काढूनच पाना हातात घ्या.