एका शब्दापायी बंद

जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डीने बंद पाळला. साईमंदिर उघडे, दुकाने बंद. गंमत अशी, की निधीला शिर्डीकरांची हरकत नव्हती. हरकत होती ती तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीला साईबाबांचे जन्मस्थान म्हटल्याला. एका शब्दापायी भरल्या तीर्थक्षेत्राचा बाजार थांबला. ‘मन जग घडवते’ असे म्हणतात; त्यात काही तथ्य असेल तर ते इथे आहे. मनाने दगड हलत नाही. पण बऱ्याच जणांच्या मनात एकच समजूत बसली, की दगड हलवणारे हात कुठे वळणार हे ती ठरवते.

पाथरीने हे पूर्वीही पाहिले आहे. फेरिश्ताच्या इतिहासग्रंथानुसार अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण. गाव मात्र वऱ्हाडच्या इमादशाहीत. बुऱ्हाण निजामशहाने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तो नाकारला गेला आणि १५१८ च्या सुमारास पाथरी लढून घेतली गेली. यावर कोणी म्हणेल, पूर्वज हे निमित्त. खरा डोळा गोदाकाठच्या काळ्या जमिनीवर आणि तिच्या महसुलावर. राजकारणात असे मुखवटे नवे नाहीत, हे कबूल. पण निव्वळ महसूलच हवा असता, तर अदलाबदलीची बोलणी कशाला? शिवाय फेरिश्ताच सांगतो, की जिंकलेले पाथरी शहाने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम देऊन टाकले. फौज सत्तेने पुरवली. ती कुठे न्यायची, हे आठवणीने ठरवले.

अशा समजुती पक्क्या कशा होतात? १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही विधाने पंधरा-पंधरा दिवसांनी ऐकवली. पुन्हा कानावर आलेली विधाने, मग ती खरी असोत वा खोटी, त्यांना अधिक खरी वाटू लागली. माहीतगार माणूस फसणार नाही, असे आपण धरून चालतो. लिसा फॅझिओ यांच्या २०१५ च्या प्रयोगांनी तोही दिलासा काढून घेतला. ‘स्कॉटिश पुरुष नेसतात त्या चुणीदार आखूड वस्त्राला साडी म्हणतात’ यासारखे विधानही पुन्हा वाचल्यावर खरेपणाकडे झुकते, उत्तर ठाऊक असलेल्यांच्याही बाबतीत! मेंदू ओळखीच्या गोष्टीला सहज वाट देतो आणि त्या सहजतेलाच पुरावा समजतो.

मग पुरेशा वेळा घोकले, की काहीही खरे करून घेता येते? नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९४१ च्या ग्रंथात दाखवले, की येशूच्या चरित्रातील प्रसंगांच्या जागा पुढच्या पिढ्यांच्या श्रद्धेने निश्चित होत गेल्या आणि काही प्रसंगांना तर एकाहून अधिक जागा मिळाल्या. जिथे नोंद नाही, तिथे सामूहिक स्मृतीला मोकळे रान असते. साईबाबांच्या बाबतीत हा फरक लख्ख दिसतो. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी शिर्डीत त्यांचे देहावसान झाले; त्या जागेवर ना पाथरी हक्क सांगते, ना आणखी कोणी. जन्माविषयी ते स्वतः काही ठाम सांगून गेले नाहीत आणि सगळा वाद नेमका तेवढ्याच रिकाम्या जागेत उभा आहे.