दुर्बीण सुधारावी ती पायापासून

नवशिक्या खगोलप्रेमीच्या घरी येणाऱ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर बहुधा ‘५२५ पट’ असा आकडा ठळक छापलेला असतो, आणि दुर्बीण माळ्यावर जाऊन पडण्याची सुरुवातही पुष्कळदा याच आकड्यापासून होते. आकडा गणिताने खोटा नसतो. मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ७६ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या परावर्ती दुर्बिणीला ४ मिलिमीटरची नेत्रिका लावली की १७५ पट आणि तिच्या अलीकडे विशालन तिप्पट करणारे बार्लो भिंग बसवले की ५२५ पट, असा हा हिशेब असतो.

निसर्गाला मात्र हा हिशेब मान्य नाही. प्रकाश हा तरंग असल्यामुळे आरशाच्या कडेशी त्याचे विवर्तन होते, म्हणजे तो किंचित पसरतो, आणि त्यामुळे दूरच्या ताऱ्याची प्रतिमा बिंदू न राहता एक सूक्ष्म चकती बनते. ही चकती आरसा जितका लहान तितकी मोठी असते. म्हणून व्यासाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे दोन पट ही उपयुक्त विशालनाची मर्यादा मानली जाते, आणि ७६ मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी ती १५० पटींच्या आसपास येते. त्यापुढे वाढतो तो केवळ अस्पष्टपणा. ५२५ पटींवर नेत्रिकेतून बाहेर पडणारी प्रकाशशलाका ०.१५ मिलिमीटरपेक्षाही बारीक होते, तेव्हा प्रतिमा काळवंडतेच, शिवाय पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यातील तरंगते कण ग्रहासमोर नाचू लागतात. दृष्टिक्षेत्र इतके आक्रसते की पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सुमारे १८ सेकंदांत ते ओलांडून जातो. तेवढ्या वेळात तारा शोधायचा, प्रतिमा स्पष्ट करायची आणि हात लावताच थरथरणारे स्टँड शांत होण्याची वाटही पाहायची, हे अनुभवी निरीक्षकालाही जमणार नाही.

अपेक्षाभंग झाला की दोष आरशावर येतो, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. तत्त्वतः परावर्ती दुर्बिणीचा आरसा अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा, असावा लागतो, कारण गोलीय आरशाच्या कडेवरील आणि मध्यावरील किरण एकाच बिंदूत मिळत नाहीत. परंतु ७६ मिलिमीटर व्यासाला ७०० मिलिमीटर इतके लांब नाभीय अंतर असेल, तर गोल आणि अन्वस्त यांतील फरक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी राहतो आणि तो डोळ्याला जाणवत नाही. स्वस्तात घडवता येणारा साधा गोलीय आरसा या मापात पुरेसा ठरतो. ज्या दुर्बिणीच्या नळीची लांबी तिच्यावर लिहिलेल्या नाभीय अंतराच्या जेमतेम निम्मी असते, तिच्यात मात्र लघु नाभीय अंतराचा गोलीय आरसा वापरून एका जादा भिंगाने त्याचा दोष झाकलेला असतो. असा नमुना शक्यतो टाळावा. हा अपवाद सोडला, तर नवशिक्याच्या दुर्बिणीचे दुखणे काचेत नसून काचेखालच्या पायांत असते.

ज्या माणसाने हे जगाला पटवून दिले, त्याचे नाव खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हा बर्कली येथे रसायनशास्त्र शिकलेला तरुण १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेच्या मठात, दाखल झाला आणि पुढे २३ वर्षे तेथे संन्यस्त जीवन जगला. मठातील साधकाजवळ पैसा नसणे स्वाभाविकच होते, तेव्हा त्याने जहाजाच्या भंगारातील खिडकीची जाड गोल काच मिळवली, ती हाताने घासून १२ इंचांचा आरसा तयार केला आणि त्यातून चंद्र पाहिल्यावर हे दृश्य सर्वांनी पाहिलेच पाहिजे या विचाराने तो झपाटून गेला. सॅक्रामेंटोच्या मठात असताना तो दुर्बिणी बनवून भिंतीबाहेर आसपासच्या मुलांना आकाश दाखवी. वरिष्ठांना हे रुचत नसल्यामुळे मित्रांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात दुर्बिणीसाठी ‘जिरॅनियम’ या फुलझाडाचे नाव वापरण्यात येई, आणि नळीत बसवलेली दुर्बीण म्हणजे कुंडीत लावलेले जिरॅनियम, अशी सांकेतिक बागकाम-भाषा त्यांच्यात रूढ झाली होती. अखेर १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने काही तरुणांसह पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवणारी संस्था सुरू केली.

डॉब्सनचे खरे योगदान आरशात नव्हे, तर बैठकीत आहे. तोवर हौशी निरीक्षकही वेधशाळेच्या थाटाची वैषुविक बैठक वापरण्याचा अट्टहास धरत, जिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि जी चांगली बनवायची तर जड आणि महाग होते. डॉब्सनने दोनच साध्या हालचाली ठेवल्या: दिगंशात, म्हणजे क्षितिजाला समांतर, आणि उन्नतांशात, म्हणजे वर-खाली. प्लायवूडची पेटी, काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात तसली पुठ्ठ्याची नळी आणि घर्षणाच्या जागी टेफ्लॉनचे तुकडे, इतकीच सामग्री त्याला लागली. फिरत्या तळासाठी जुनी ग्रामोफोन तबकडीसुद्धा चालली. यामागचे भौतिकशास्त्र मोठे सुरेख आहे. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण जसा आधी हलतच नाही आणि जोर लावताच एकदम हातात येतो, तशीच स्वस्त स्टँडवरची दुर्बीण अडते आणि मग उडी मारते, कारण स्थिर वस्तू हलवण्यासाठी लागणारे घर्षणबल हलत्या वस्तूच्या घर्षणबलापेक्षा बरेच जास्त असते. टेफ्लॉन खडबडीत सनमायकावर सरकताना ही दोन बले जवळपास समान राहतात; बोटाने ढकलावे तितकीच दुर्बीण सरकते आणि बोट काढले की तेथेच थांबते. या रचनेचे पेटंट डॉब्सनने घेतले नाही, आणि म्हणूनच गावातला कोणताही सुतार ती बनवून देऊ शकतो.

श्रीरामपुरातील निरीक्षकाला हा मुद्दा अधिकच लागू पडतो, कारण हे शहर साधारण १९.६ उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथून ध्रुवतारा क्षितिजावर तेवढेच अंश, म्हणजे वीस अंशांपेक्षाही कमी उंचीवर दिसतो. समोर एखादी इमारत किंवा झाड असले की तो झाकला जातो. स्वस्त वैषुविक बैठका बहुधा युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांना सोयीच्या असतात. त्यांचा ध्रुवाक्ष इतका आडवा केला की समतोलासाठी लावलेल्या वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो आणि सगळा डोलारा एका बाजूला कलतो. अशा वेळी प्लायवूडची डॉब्सन पेटी बनवून घेणे, किंवा निदान तिपाईचे पाय पूर्ण आखूड करून मधोमध वाळूची पिशवी टांगणे, ही नव्या नेत्रिकेहून अधिक फलदायी सुधारणा ठरते.

दुसरी सुधारणा हवेची, आणि तिला तर पैसाही लागत नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्चीची स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि तिच्यावर उकळणाऱ्या हवेतून गुरूचे पट्टे पुसट होऊन जातात. मोकळ्या मातीवर किंवा शेताच्या बांधावर तीच दुर्बीण निराळी भासते. घरातून बाहेर आणलेल्या आरशाला बाहेरच्या हवेइतके निवायला अर्धा तास द्यावा, हेही त्याच कारणाने. प्रवरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या या परिसरात हिवाळ्यात दव लवकर पडते आणि शोधक दुर्बीण, नेत्रिका व भिंगाची दुर्बीण असल्यास तिचे पुढचे भिंग आधी धुरकटते. दुर्बिणीच्या तोंडाभोवती व्यासाच्या दीडपट लांबीची काळ्या फोमची गुंडाळी लावली की हा त्रास बराच कमी होतो. उसाचे पाचट पेटवलेल्या रात्री धुरामुळे मंद तेजोमेघ हरवतात, पण चंद्र आणि ग्रह पाहायला अडचण येत नाही. पावसाळ्यात मात्र ओलसर दुर्बीण तशीच बंद करून ठेवल्यास काचेवर बुरशी धरते, म्हणून ती पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. आरशावरची धूळ पुसू नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका पातळ असतो आणि धुळीने कमी होणाऱ्या प्रकाशापेक्षा ओरखड्यांनी होणारे नुकसान मोठे असते.

तिसरी पायरी संरेखनाची, म्हणजे दोन्ही आरसे एका अक्षावर आणण्याची. एखादा ठळक तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून प्रतिमा मुद्दाम किंचित अस्पष्ट केली की प्रकाशाची वर्तुळे आणि त्यांच्या पोटात दुय्यम आरशाची काळी सावली दिसते. सावली एका बाजूला सरकलेली असेल, तर मुख्य आरशामागील स्क्रूंपैकी एक अगदी थोडा फिरवायचा, तारा पुन्हा मध्यावर आणायचा आणि सावली वर्तुळांच्या केंद्राशी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवायचा. शोधक दुर्बीण जुळवण्याचे काम दिवसाच, दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा साखर कारखान्याच्या चिमणीवर रोखून उरकावे. सूर्याच्या दिशेला मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नये, आणि नेत्रिकेला लावायचा सौर गाळणीचा काचतुकडा सोबत आलाच असेल तर तो फेकून द्यावा, कारण उष्णतेने तो तडकला की डोळा कायमचा जातो. नेत्रिका बदलायची पाळी येते ती या सगळ्यानंतर. २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन बऱ्या नेत्रिका, म्हणजे २८ आणि ७० पट, बहुतेक कामाला पुरतात.

स्वतः आरसा घासण्याची हौस महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने हौशी निरीक्षणाची परंपरा जोपासली, आणि ‘आयुका’तील शिबिरांतून अरविंद परांजपे यांच्या मार्गदर्शनाखाली अनेकांनी कार्बोरंडमने काच घासून दुर्बिणी बनवल्या. पण आरशाएवढाच निरीक्षकही महत्त्वाचा असतो, याचा दाखला पुण्याच्याच इतिहासात आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभारली, तिच्यातील २० इंची ग्रब दुर्बीण ही त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती, आणि १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच वेधशाळा बंद होऊन सारी उपकरणे कोडाईकनालला गेली. आज या माणसाचे नाव पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

सुधारलेल्या छोट्या दुर्बिणीला पाहण्याजोगे पुष्कळ आहे. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा ती कडी दिसेनाशी झाली होती. आता ती पुन्हा उघडत चालली असून २०३२ च्या सुमारास सर्वाधिक रुंद दिसतील, आणि ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे, तेथे ७० पटींत शनी पाहण्याची हौस निराळी असायला हरकत नाही. त्याहून खास संधी दक्षिणेला आहे. ओमेगा सेंटॉरी हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ डॉब्सनच्या सॅन फ्रान्सिस्कोहून क्षितिजाच्या वर पाच अंशही चढत नाही, लंडनहून तर उगवतच नाही. श्रीरामपूरहून मात्र तो मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास सुमारे २३ अंश उंचीवर येतो. आकाराने तो जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा असल्यामुळे त्याच्यासाठी ५२५ पटींचा काहीही उपयोग नाही, लागतात त्या २८ पटी आणि न हलणारे पाय.