इन्स्टाग्रामवर दिसणारा तो काळा जपानी डबा नक्की कशाचा असतो? उत्तर आपल्या बिब्ब्यापाशी सापडतं

घर सजवण्याचे रील्स बघत असाल, तर हा डबा एकदा तरी डोळ्यांसमोरून गेला असेल. काळाकुळकुळीत, आरशासारखा चकचकीत, झाकणावर सोनेरी बगळा किंवा फुलांची फांदी आणि एकावर एक रचलेले तीन-चार चौकोनी कप्पे. खाली लिहिलेलं असतं, 'अँटिक जपानी लॅकर बॉक्स'. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या फार्महाऊसच्या हॉलमध्ये तो शोभूनही दिसेल. पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

हा डबा मुळात कशासाठी?

जेवणासाठी. याचं नाव जुबाको, म्हणजे थरांचा डबा. आपल्या पितळी पुडाच्या डब्याचा हा लांबचा भाऊच म्हणा. जपानी लोक नवीन वर्षाचे खास पदार्थ यात भरतात. कप्प्यावर कप्पा चढतो तसं घरात सुखावर सुख चढावं, अशी त्यामागची भावना. चेरीचा बहर बघायला जातानाही असे डबे सोबत न्यायची पद्धत होती.

लाख म्हणतात, पण ही लाख नाहीच

लॅकर म्हटलं की आपल्याला लाखेच्या बांगड्या आठवतात. आपली लाख मिळते ती एका बारीक किड्यापासून. हा किडा पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बसतो आणि आपल्याभोवती राळेसारखं कवच तयार करतो.

जपानी डब्यावरचा लेप मात्र झाडाचा चीक असतो. त्याला उरुशी म्हणतात. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, फोड येतात, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. उरुशीचा कच्चा चीकही तेच करतो. पूर्ण कडक झाल्यावर मात्र तो निरुपद्रवी होतो, म्हणून तर त्यात जेवण ठेवता येतं.

दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या एका झाडातून जेमतेम 200 मिली चीक निघतो. तो उन्हात वाळवत नाहीत. उलट दमट, उबदार कपाटात ठेवतात, कारण कडक व्हायला त्याला हवेतला ओलावा लागतो. एक थर, मग घासणं, मग पुढचा थर. वाजिमा या गावच्या कामात शंभराहून जास्त टप्पे असतात. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात आणि आगीत याच गावातल्या कारागिरांच्या कार्यशाळा उद्ध्वस्त झाल्या.

हा लेप टिकतो किती? 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनातून परतणाऱ्या वस्तू घेऊन निघालेलं 'नील' जहाज 1874 मध्ये जपानजवळ बुडालं. वर्षभराहून अधिक काळ समुद्राच्या तळाशी राहूनही त्यातली लॅकरची कामं चांगल्या अवस्थेत निघाली.

मग खरा डबा ओळखायचा कसा?

बाजारात दिसायला सारखे तीन प्रकार असतात. लाकडावर उरुशी, लाकडाचा भुसा मिसळलेल्या प्लॅस्टिकवर लेप आणि निव्वळ प्लॅस्टिकवर रासायनिक रंग.

- तळ आणि आतले कोपरे बघा. साच्याची रेघ दिसली तर तो प्लॅस्टिकचा.
- जुन्या लाकडी डब्याच्या कडा झिजलेल्या असतात, कुठे केसाएवढी चीर असते. शंभर वर्षांचा म्हणून विकला जाणारा डबा अगदी कोरा दिसत असेल तर शंका घ्या.
- चांगला डबा बऱ्याचदा साध्या लाकडी पेटीत येतो. त्या पेटीवरच्या मजकुराचा फोटो मागा.
- विक्रेत्याला काळ विचारा. आपल्याकडच्या 1972 च्या कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारण 100 वर्षांची अट आहे. शोवा काळ 1926 ते 1989 असा आहे, म्हणजे त्यातले बहुतेक डबे जुने असले तरी 'अँटिक' नाहीत.

मुरबाडच्या हवेत टिकेल का?

इथे गंमत आहे. पावसाळ्याची भीती वाटते, पण उरुशीला खरा त्रास होतो तो उन्हाचा आणि कोरडेपणाचा. एप्रिल-मेचं ऊन थेट पडलं की चकाकी जाते. एसीच्या झोतासमोर लाकूड आकसून लेपाला भेगा पडतात. त्यामुळे खिडकीजवळ ठेवू नका. पावसात बुरशी धरू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, अधूनमधून मऊ सुती कापडाने पुसा. मायक्रोवेव्ह, डिशवॉशर आणि घासणी, तिन्ही बंद.

आणि सावंतवाडीचं काय?

लाकडावर रंग आणि वर चकचकीत लाखकाम, ही कला महाराष्ट्रातही आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं अनेक घरांच्या शोकेसमध्ये आहेत. तिथेच गंजिफाचे गोल पत्ते आणि ते ठेवायचे रंगवलेले डबेही बनतात. दशावतारी गंजिफात 10 अवतारांचे प्रत्येकी 12, असे 120 पत्ते असतात. ही कला संपत आली होती, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात जागा दिली आणि पुन्हा उभं केलं.

दोन्हींची तुलना करायची गरज नाही, साहित्य वेगळं आणि पद्धतही वेगळी. फरक एवढाच की जपानी डब्याचा फोटो बघून अंदाज बांधावा लागतो. सावंतवाडीचा डबा ज्यानं रंगवला, त्याच्या समोर बसून विकत घेता येतो.