उचल, खाडा आणि पिशवी

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांतून ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर भरभरून निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्चून गेलेली असते. ती सांगली-कोल्हापूरच्या, नाहीतर पार कर्नाटकातल्या उसाच्या फडात टनावर फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा. 2019 च्या सुमारास त्याचा दंड 500 रुपयांच्या आसपास होता.

बाई अंधारात उठून भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात पोचते. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. राहायच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) ना संडास, ना आडोशाची न्हाणी. पाळीत वापरलेलं फडकं धुवायला पुरेसं पाणीसुद्धा नसतं. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि खाड्याच्या भीतीनं दुखणं हंगाम संपेपर्यंत अंगावर काढलं जातं.

गावी परतल्यावर ती दवाखान्यात जाते. तपासणी करून गोळ्यांनी बहुतेकदा बरं होणारं हे दुखणं. पण अनेकींना ‘पिशवी (गर्भाशय) खराब झाली, कॅन्सर होईल’ एवढंच ऐकवलं गेलं. ती काढायच्या ऑपरेशनसाठी पुन्हा कर्ज, बहुतेकदा मुकादमाकडूनच. म्हणजे पुढचा हंगामही गहाण.

जून 2019 मध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत आकडा सांगितला: तीन वर्षांत बीडच्या 99 खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 15 ते 49 वयोगटातल्या भारतीय महिलांमध्ये हेच प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं.

पैसेवाल्या बाईला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेता येतो, औषध लागू पडेपर्यंत थांबता येतं. कोयत्यावरच्या बाईला थांबणं परवडत नाही. तिच्या वाट्याला उपचारांतला सगळ्यात शेवटचा उपाय सगळ्यात आधी आला, तोही तिशी-पस्तिशीत. सोबत बीजकोशही काढले असतील, तर अकाली रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज. आणि मोळी तर पुन्हा उचलायचीच.

2019 नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. गरजेचं होतंच ते. पण हा कागद बाई ऑपरेशनच्या दारात पोचल्यावर कामाला येतो, आणि दुखणं सुरू होतं शेकडो किलोमीटरवरच्या फडात. तिथं साखर कारखान्यांनी पाणी, संडास आणि आठवड्याला एक स्त्री-डॉक्टर पोचवायला हवी. पाळीच्या दिवसांचा खाडा तर येत्या हंगामापासूनच बंद करता येईल.