अंदाज, इशारा आणि भाकीत : पावसाच्या बातमीतले गैरसमज

जूनच्या तोंडावर नांदगाव तालुक्यात मक्याचं बियाणं घरात येऊन पडतं आणि मान्सूनची प्रत्येक बातमी कान देऊन ऐकली जाते. पण त्या बातमीतला अंदाज वेगळा, इशारा वेगळा आणि भाकीत तर दोन्हींहून निराळं. तिन्हींची सरमिसळ झाली की दुबार पेरणीची वेळ येऊ शकते.

गैरसमज : देशात सरासरीइतका पाऊस म्हणजे आपल्याकडेही तेवढाच.

वस्तुस्थिती : एप्रिलमध्ये जाहीर होणारा अंदाज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या देशभरातल्या पावसाचा असतो. देशाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला हवामान खातं सर्वसाधारण म्हणतं. शिवाय पाच टक्के कमी-अधिक होईल, हे अंदाजातच सांगितलेलं असतं.

२०२३ मध्ये खात्याने ९६ टक्के सांगितले, पडला ९४ टक्के. म्हणजे अंदाज ठरलेल्या मर्यादेतच राहिला. तरीही १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट त्याच वर्षी गेला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नांदगावला लागून असलेले मालेगाव आणि येवला होते.

गैरसमज : 'तुरळक ठिकाणी' म्हणजे किरकोळ पाऊस.

वस्तुस्थिती : हा शब्द पावसाचं प्रमाण सांगत नाही, व्याप्ती सांगतो. त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पाऊसमापन केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'तुरळक ठिकाणी जोरदार' असं म्हटलं, तर त्या ठिकाणी २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडू शकतो. शेतात काढून ठेवलेला कांदा भिजायला त्याहून कितीतरी कमी पुरतो.

गैरसमज : यलो अलर्ट दिला आणि पाऊस आला नाही, म्हणजे खातं चुकलं.

वस्तुस्थिती : इशारा म्हणजे पाऊस येईलच याची हमी नव्हे; त्याचा रंग पावसाची शक्यता आणि संभाव्य नुकसान मिळून ठरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा.

गैरसमज : भेंडवळची घटमांडणी हाही हवामानाचाच अंदाज.

वस्तुस्थिती : बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला धान्यांचा घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यातले बदल पाहून पाऊस-पिकांचं भाकीत सांगतात. ही जुनी लोकपरंपरा आहे आणि तिचा मान आहे. मात्र तिच्यामागे वाऱ्याचं, तापमानाचं किंवा समुद्राचं मोजमाप नाही.

पेरणी दोनच गोष्टींवर ठरवावी. एक, शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल गेली आहे का. दुसरी, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज काय आहे. हवामानावर आधारित जिल्हानिहाय कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो. बियाण्याची पिशवी फोडण्याआधी तो जरूर वाचा.