चाकांवरच्या घरातील टेबल

घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जोते, भिंती आणि उंबरठा उभा राहतो. घर एका जागी असते, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु आपल्याच मुलखाकडे जरा बारकाईने पाहिले, तर फिरत्या घरांची उणीव नाही. माण-खटावचे मेंढपाळ घोड्यावर संसार लादून कळपामागे चालतात. गळिताचा हंगाम आला की ऊसतोड मजुरांच्या गाड्या भांडीकुंडी, मुलेबाळे घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटणवरून जाते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक स्वयंपाकघर आणि राहुट्या वाहून नेत असतात. या सर्व संसारांचा एक अलिखित नियम आहे. जागा थोडी असल्याने प्रत्येक वस्तूने किमान दोन कामे केलीच पाहिजेत. मेंढपाळाची घोंगडी अंथरूण होते, पांघरूण होते, पावसात खोळ होते आणि वेळ पडल्यास धान्य बांधण्याचे फडकेही होते.

याच नियमाने चालणारे, परंतु आपल्याकडे अलीकडे दिसू लागलेले फिरते घर म्हणजे कॅराव्हान. तिचे दोन प्रकार आहेत. ट्रॅक्टरमागे जशी ट्रॉली जोडतात, तसा मोटारीमागे जोडून न्यायचा राहण्याजोगा डबा हा एक. आणि मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेले घर हा दुसरा. केवळ हौसेच्या प्रवासासाठी असे घर बांधून घेण्याचा आरंभ इंग्लंडमध्ये झाला असे मानतात. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातील निवृत्त डॉक्टराने १८८५ साली 'वाँडरर' नावाची, दोन घोडे ओढतील अशी गाडी ब्रिस्टल येथील कारखान्यात बांधवून घेतली. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यावर आपल्या राज्यातही या वाहनांची चर्चा वाढली. अशी वाहने वाढली की त्यांच्या दुरुस्तीचे कामही आपल्याकडच्या सुतारांपर्यंत आणि गॅरेजपर्यंत येणार, हे उघड आहे. त्या दुरुस्त्यांतील अगदी साधी वाटणारी, पण विचाराला खाद्य देणारी एक दुरुस्ती म्हणजे आतले मोडके टेबल बदलणे. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या टेबलाची रचना समजून घेऊ. आगगाडीच्या शयनयान डब्यात खिडकीकडेच्या बाजूला समोरासमोर दोन आसने असतात. दिवसा त्यांवर दोघे बसतात. रात्री पाठी खाली पाडल्या की मधली पोकळी भरून निघते आणि एक बाक तयार होतो. कॅराव्हानमध्येही समोरासमोर दोन बैठका असतात, फक्त मधली पोकळी भरण्याचे काम तेथे टेबल करते. दिवसा ते एका बाजूने भिंतीवरील धातूच्या पट्टीत अडकवलेले आणि दुसऱ्या बाजूने एका पायावर उभे असते. त्यावर जेवण होते, पत्ते खेळले जातात, मुले अभ्यास करतात. रात्री पाय काढून टेबल खाली उतरवतात. बैठकांच्या पेट्यांना आतल्या अंगाने लाकडी आधारपट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांवर ते टेकते. वर गाद्या टाकल्या की पलंग सिद्ध झाला.

म्हणजे ज्याला आपण टेबल म्हणतो, तो खरे पाहता पलंगाचा मधला तुकडा आहे. समजा, प्रत्येक बैठक ५० सेंटिमीटर रुंद आणि मधली पोकळी ८० सेंटिमीटर आहे. मिळून १८० सेंटिमीटर लांबीचा पलंग होतो. झोपणाऱ्या माणसाचे डोके व पाय दोन्ही टोकांना, बैठकांवर जातात. कंबर आणि धड, म्हणजे शरीराचा सर्वांत जड भाग, नेमका मधल्या फळीवर येतो. नवे टेबल करताना जो केवळ ताटांच्या वजनाचा विचार करील, त्याचे टेबल दिवसा शोभेल आणि रात्री दगा देईल. शिवाय हा पलंग लांबीने बेताचा असल्याने तो बहुधा मुलांच्याच वाट्याला येतो. तेव्हा या कामात हयगय करून चालत नाही.

नव्या फळीचे माप घेण्याआधी जुनी का मोडली, हे शोधावे. त्यासाठी जुने टेबल उलटे करून पाहिले की पुरते. मोडण्याची कारणे मुख्यतः तीन असतात : पाणी, हादरे आणि तरफ.

पाण्याचे कारण सर्वांत कपटी. टेबल खिडकीखाली असते. खिडकीच्या चौकटीभोवतीचे रबर वाळले की पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळत टेबलाच्या मागच्या कडेत शिरते. पुष्कळ टेबले लाकडाचा भुसा व चुरा डिंकाने दाबून केलेल्या फळीची असतात. ही फळी स्वस्त आणि सपाट असते, पण ओल लागली की कडेने फुगते, आणि एकदा फुगलेली वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. मागची कड फुगलेली दिसली, तर आधी खिडकीची गळती बंद करावी. नाही तर नवी फळीही जुनीच्याच वाटेने जाईल. हादऱ्यांचे कारण आपल्या रस्त्यांवर वेगळे सांगायला नको. प्रत्येक गतिरोधकावर फळी थोडी उचलली जाते, आपटते, आणि स्क्रूचे भोक हळूहळू सैल होत जाते.

तिसरे कारण तरफेचे, आणि ते शाळेतल्या गणिताने कळते. टेबलाच्या पायाच्या डोक्यावर धातूची चकती असते व ती स्क्रूंनी फळीला खालून बसवलेली असते. बसलेला माणूस उठताना टेबलाच्या कडेवर हात रेटून उठतो. तो २५ किलोचा भार देतो आणि कड पायाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे, असे धरू. चकती ८ सेंटिमीटर व्यासाची असेल, तर तिची जवळची कड तरफेचा टेकू बनते. भाराचे अंतर ३६ सेंटिमीटर, तर पलीकडच्या स्क्रूचे अंतर जेमतेम ८ सेंटिमीटर. भिंतीवरील पट्टी सैल होऊन सगळा भार एकट्या पायावर आला, तर त्या स्क्रूंवर सुमारे ११२ किलोची ओढ येते. हीच चकती १६ सेंटिमीटरची असती, तर ओढ ५० किलोवर आली असती. म्हणून बहुतेक टेबले मधोमध न मोडता पायापाशी उचकटतात. यावर उपाय सोपा आहे. चकती आणि फळी यांच्यामध्ये २५-३० सेंटिमीटर चौरस असा जाड प्लायवूडचा तुकडा डिंक व स्क्रू लावून पक्का बसवावा. चकतीचे स्क्रू त्या जाडीत खोल पकडतात आणि ओढ फळीच्या मोठ्या भागावर वाटली जाते.

आता माप. जुन्या फळीवरून नवी आखण्याचा मोह होतो, पण जुनी फुगलेली, झिजलेली किंवा एखाद्याने कडेने तासलेली असू शकते. माप नेहमी पोकळीचे घ्यावे. तेही एका जागी घेऊन भागत नाही; भिंतीजवळ, मध्ये आणि वाटेकडच्या टोकाला असे तीन ठिकाणी घ्यावे, कारण अशा डब्यातील भिंती आणि पेट्या क्वचितच पूर्ण काटकोनात असतात. सर्वांत बरे म्हणजे जाड पुठ्ठ्याचा फर्मा कापून तो पोकळीत उतरवून पाहावा. दोन्ही बाजूंना सुमारे ३ मिलिमीटर मोकळीक ठेवावी. फळी याहून मोठी झाली तर पावसाळ्यात अडकते. फार लहान झाली तर आधारपट्टीवरून सरकून एका बाजूने खाली जाते. वाटेकडचे दोन्ही कोपरे गोल करावेत. अरुंद वाटेत टोकदार कोपरा प्रत्येकाच्या मांडीला लागतो.

फळी कोणती घ्यावी? भुशाची फळी या कामाला टाळावी. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते दोन्ही दिशांना बळकट असते व ओलीने फारसे फुगत नाही. भारतीय मानकांप्रमाणे सामान्य वापराच्या प्लायवूडला ३०३ क्रमांक, तर सागरी प्लायवूडला ७१० क्रमांक आहे. सागरी प्लायवूडचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. खिडकीखालच्या टेबलाला तेच घेणे शहाणपणाचे.

जाडीचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. घरच्या टेबलाला सुतार सहजच सहा सुती, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटरची फळी सुचवतो. १०० बाय ८० सेंटिमीटरच्या अशा फळीचे वजन दहा किलोच्या आसपास भरते. चार सुती, म्हणजे १२ मिलिमीटरची फळी पावणेसात किलोंत बसते. चाकांवरच्या घरात प्रत्येक किलो इंजिनाला वाहावा लागतो, आणि दररोज दोनदा कोणाच्या तरी हातांना उचलावाही लागतो. पण पातळ फळी वाकते. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दोन-तृतीयांश केली की ताठपणा आठ-सत्तावीसांशावर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येतो. यातून मार्ग म्हणजे १२ मिलिमीटरच्या फळीला खालून तीन लाकडी पट्ट्या उभ्या धारेवर चिकटवणे. चार सेंटिमीटर उंच व दोन सेंटिमीटर जाड पट्ट्या मिळून सव्वा किलोच्या आतबाहेर भरतात. एकूण वजन आठ किलोंच्या जवळ राहते आणि फळी जाड फळीपेक्षाही ताठ होते. घराच्या छताला तुळया असतात, तोच हा न्याय.

या पट्ट्या एका बैठकीकडून दुसऱ्या बैठकीकडे, म्हणजे पोकळी ओलांडणाऱ्या दिशेने असाव्यात, आणि आधारपट्ट्यांच्या अलीकडेच संपाव्यात. नाही तर फळी आधारावर सपाट टेकणारच नाही. प्लायवूडच्या वरच्या पापुद्र्याचे रेषे याच दिशेने धावतील असे कापावे. एवढी एक गोष्ट सुताराला आधी सांगितली तर जादा खर्च काहीच नाही. नंतर सांगितली तर फळी वाया जाते.

वरून सनमायका लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या जातीच्या पत्र्याचा जन्म गमतीदार आहे. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी राळेत भिजवलेल्या थरांचा एक पदार्थ तयार झाला. इंग्रजीत अभ्रकाला 'मायका' म्हणतात. 'मायकाऐवजी' या अर्थाने त्याचे नाव 'फॉर्मायका' पडले. विजेसाठी निघालेला पदार्थ पुढे टेबलांवर जाऊन बसला. तो लावताना एक पथ्य पाळावे. फक्त वरच्या बाजूला लावला तर दोन बाजू हवेतील ओल निरनिराळ्या प्रमाणात शोषतात आणि पातळ फळी पोटाने फुगल्यासारखी वाकते. म्हणून खालच्या बाजूलाही साधा, स्वस्त पत्रा लावावा. पट्ट्या त्याआधी चिकटवायच्या असल्यास त्यांच्यामधल्या जागेत तो कापून बसवावा. कडा उघड्या ठेवू नयेत. पाणी शिरते ते तेथूनच.

बसवताना स्क्रूची लांबी तपासावी. बारा मिलिमीटरच्या फळीत लांब स्क्रू फिरवला तर तो वर येऊन नवा पत्रा फोडतो. भोक आधी बारीक पाडून त्यात थोडा डिंक सोडावा, म्हणजे ओलही अडते. भिंतीवरील धातूची पट्टी बसवताना अधिक काळजी हवी. कॅराव्हानची भिंत आपल्या विटांच्या भिंतीसारखी नसते. पातळ पत्रा, मध्ये उष्णतारोधक भराव आणि आत पातळ फळी अशी ती असते. स्क्रू जेथे आतल्या लाकडी वा धातूच्या दांडीत जाईल तेथेच धरतो. जुन्या पट्टीची जागा बहुधा त्या दांडीवरच असते, म्हणून ती बदलू नये.

नव्या टेबलावर एकदम कोणी झोपू नये. ते खाली उतरवून मध्यभागी ५० किलोची दोन पोती शेजारी शेजारी रात्रभर ठेवावीत. सकाळी पोती काढल्यावर फळी सरळ झाली, आधारपट्ट्या जागच्या हलल्या नाहीत आणि कोठे करकर ऐकू आली नाही, तर काम पक्के. आधारपट्ट्यांची परीक्षा फळीइतकीच महत्त्वाची आहे. त्या सैल असतील तर वरची फळी कितीही भक्कम असून काय उपयोग? नवे प्लायवूड, डिंक व रंग यांचा उग्र वास लहानशा बंद डब्यात कोंडतो. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून तो पुरता जाईपर्यंत आत झोपणे टाळावे. गाडी चालू करण्यापूर्वी टेबल खाली उतरवून किंवा खटक्याने बांधून ठेवावे. अचानक ब्रेक लागल्यास आठ किलोची सुटी फळी इजा करू शकते.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्याच मापाचे टेबल त्याच जागी बसवणे ही साधी दुरुस्ती झाली. पण टेबल काढून तेथे जादा आसने बसवायची म्हटली, तर आधी परिवहन कार्यालयात विचारणे भाग आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे सुतारकाम कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे की, येथे करवतीपेक्षा प्रश्न विचारण्याची सवय अधिक उपयोगी पडते. वस्तू दिवसा काय काम करते आणि रात्री काय, ती कोणत्या जागी आणि कशामुळे मोडली, तिच्यावर कोणाचा भार येणार आहे, हे प्रश्न सुताराकडे जाण्यापूर्वी गिऱ्हाइकानेच स्वतःला विचारायचे असतात. सुतार सांगितलेल्या मापाची फळी चोख कापून देईल. त्या फळीवर रात्री एक मूल झोपणार आहे, हे मात्र त्याला आपणच सांगितले पाहिजे.